वरून न येणारं पाणी

वाळवंटातल्या आमच्या सूफमध्ये पाणी वरून येत नाही. ते खाली असतं, वाळूच्या पोटात, आणि माणूस खणत खणत त्याच्याकडे जातो. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. माझा थोरला भाऊ तिजानी गणितात डॉक्टर झाला, परदेशात जाऊन भाषणं देऊन आला, पण ही एक गोष्ट त्याने कधी तपासली नाही. आपली आई खरंच आपली आई आहे का, हे कुणी तपासतं का?

मी हद्दा, त्याची धाकटी बहीण. मुलीवर मुली झाल्या म्हणून माझं हे नाव ठेवलं; ‘आता पुरे’ असा त्याचा अर्थ. नवरा लवकर गेला आणि मी बाबांच्या घरी परत आले. माझं शिक्षण मशिदीतल्या पाटीपुरतं. पण भावाचं समीकरण मला येतं. मी कुसकुसचे रव्यासारखे दाणे वळायला बसले की तो समोर बसून तेच सांगायचा आणि माझे हात अडकलेले असल्यामुळे मला उठून जाता यायचं नाही.

आमचे बाबा आमारा. त्यांचा घूत गावाच्या पश्चिमेला होता, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खोल. घूत म्हणजे वाळूत खणलेला मोठा वाडगा. तळ इतका खाली न्यायचा की खजुराची मुळं आपणहून पाण्याला टेकतील. मग झाडाला थेंबभर पाणी घालावं लागत नाही. फक्त वारा जी वाळू आत लोटतो ती टोपलीने पाठीवरून बाहेर काढायची, आज, उद्या, जन्मभर. काठावर उभं राहिलं की झाडांचे शेंडे आपल्या पायांशी असायचे.

तिजानी लहानपणी वाळू काढायचा, पण अर्ध्या चढावर थांबून विचारायचा, “बाबा, खाली पाण्याचा माथा सपाट असतो, की आपल्या घुतासारखा वाकलेला?”

“तुझी टोपली वाकलीय,” बाबा म्हणायचे. “ती सरळ कर आणि चल.”

फ्रेंच गेले आणि त्याला शिष्यवृत्ती मिळाली. राजधानीत शिकला, मग फ्रान्सला गेला. विचित्रच होतं, ज्यांना हाकललं त्यांच्याच दारात शिकायला जायचं. पण बाबा म्हणाले, “विहिरीचा मालक कोण हे तहानलेल्याने विचारू नये.” पंपांच्या विहिरी आमच्याकडे तेव्हा नव्यानेच आल्या होत्या, आणि घुतांमधलं पाणी खाली जायला लागलं होतं. झाडं सुकायची. निघताना बाबांनी त्याला एवढंच विचारलं होतं, की पाणी कुठवर जाणार ते तुझ्या पुस्तकांत सापडतं का बघ.

त्यातूनच त्याचं सगळं संशोधन निघालं. वाळूतलं पाणी कसं चढतं-उतरतं याचं एक समीकरण असतं. एका बाजूला पाण्याची पातळी कशी बदलते ते, आणि उजव्या बाजूला दोन गोष्टी: जेवढं उपसलं ते वजा, जेवढं वरून मुरलं ते अधिक. तिजानीने अधिकच्या जागी शून्य लिहिलं. त्याचे तिथले गुरू, एक म्हातारे प्राध्यापक, त्यांनी विचारलं होतं म्हणे, “तुमच्याकडे पाऊस अजिबात पडत नाही?” हा हसला. “आमच्याकडे पाणी वरून येत नाही, सर.” ते कधी वाळवंटात गेले नव्हते. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

त्या शून्यावर त्याने जे प्रमेय रचलं, ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. पाणी सुरुवातीला कसंही असो, वाळू जाड असो की बारीक, पातळी उतरतच राहणार. मध्ये कुठे थांबणार नाही, मागे फिरणार नाही. हे त्याने सिद्ध केलं. जिथे दुसऱ्यांना आकडे मांडून अंदाज बांधावा लागे, तिथे याने आकड्यांशिवाय दाखवून दिलं. विद्वानांनी वाहवा केली.

सुट्टीत तो घरी आला तेव्हा बाबांनी चहा ओतत विचारलं, “म्हणजे खालीच जाणार?”

“खालीच.”

“इन्शाल्ला, की नक्की?”

“नक्की, बाबा. सिद्ध केलंय.”

बाबांचा हात किटलीवर थांबला. उद्या सकाळी ऊन पडेल, हेसुद्धा आमच्यात कुणी देवाचं नाव घेतल्याशिवाय म्हणत नाही. बाबांनी त्याच्या वतीने हळूच ‘इन्शाल्ला’ म्हटलं आणि त्याच्यापुढे पेला सरकवला. मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. पण घरात पहिल्यांदाच डॉक्टर झालेला भाऊ, त्याच्यापुढे मी काय बोलणार.

त्या हिवाळ्यापासून बाबांनी झाडं खाली बसवायला घेतली. हे काम सूफमध्ये फार थोड्यांना जमायचं. उभ्या खजुराच्या बुंध्याभोवती खणायचं, दोरांनी त्याला सांभाळायचं, आणि भरल्या घडांचं झाड अख्खंच्या अख्खं हातभर खाली उतरवायचं. बाकीचे लोक पाणी गेलं की वाट बघायचे. बाबा पाण्याच्या आधी पोचायला निघाले.

शेजारचे लखदर काका काठावर बसून दात कोरत बघायचे. “आमारा, पोरगा फ्रान्समध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतो, आणि तू त्या शेळ्या झालास.”

“तुझ्या पोराने काय सिद्ध केलंय?”

“माझा पोरगा ट्रक चालवतो. तो सिद्ध नाही करत, पोचतो.”

पण पाणी खरंच उतरत गेलं. लखदर काकांची झाडं पिवळी पडली आणि बाबांच्या झाडांना दग्लत नूर जातीचा मधासारखा खजूर लगडला. मग लखदर काकाच दोर घेऊन आले. एकामागून एक सगळे आले. ज्याचा त्याचा घूत खोल होत गेला, आणि लोक तिजानीचं नाव मशिदीच्या ओट्यावर घेऊ लागले. बाबांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते म्हणायचे, “प्रमेयाला ऋतू नसतो.”

तिजानी राजधानीत प्राध्यापक झाला. त्याने त्या एका समीकरणावर आयुष्य काढलं. वाळूचे थर वेगळे असले तर, पाणी खारं असलं तर, कडेचा दगड वाकडातिकडा असला तर. दर वेळी नवा निबंध, नवी सिद्धता, आणि दर वेळी प्रमेय आणखी पक्कं. फळ्यावर तो आधी एक वाडगा काढायचा, त्यावर एक शून्य लिहायचा, आणि मग शिकवायला सुरुवात करायचा. मुलं त्या शून्याला ‘तिजानीचं शून्य’ म्हणायची. परीक्षेत ते लिहिलं नाही तर तो गुण कापायचा. लग्न केलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, “आधी गणितातली ही एक असमानता सुटू दे.” ती सुटली की दुसरी अडायची.

मग आमच्याकडे नळ आले. सरकारने पार खोलवर, जिथे कुणाचाही घूत पोचणार नाही अशा थरापर्यंत भोकं पाडली. तिथून वाफाळतं पाणी जोरात वर आलं. उंच टाकी बांधली, घराघरात तोटी आली. बायकांनी जिभा फिरवून आनंदाचे आवाज काढले, मीही काढले. आयुष्यभर दोरी ओढलेल्या बाईला तोटी फिरवायला काय वाटतं ते पुरुषांना नाही कळायचं. वापरलेलं पाणी प्रत्येक घराखालच्या खड्ड्यात जायचं, नाहीतर अंगणात. वाळू ते पिऊन टाकायची. कधी चिखल झाला नाही, कधी वास आला नाही.

पुढच्या एका उन्हाळ्यात बाबा घुतातून वर आले आणि म्हणाले, “खाली कुणीतरी ओरडतंय.” मी जाऊन ऐकलं. बारीक, चिकाटीचा आवाज, थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. आमच्यापैकी कुणी तो आधी ऐकला नव्हता. तो बेडूक होता, हे लखदर काकांच्या ट्रकवाल्या मुलाने सांगितलं. त्याने ते उत्तरेकडे पाहिले होते. पोरांनी तो बघायला रांग लावली. बाबा हसले नाहीत. ते तळाची वाळू मुठीत घेऊन दाबत बसले. तिचा गोळा होत होता.

त्याच ईदला तिजानी आला होता. अंगणात खाटेवर चहा पीत बसला होता, आणि मी कपडे धुऊन घमेल्यातलं पाणी नेहमीसारखं अंगणात भिरकावलं. वाळूने ते गिळलं. तो बघत राहिला. चहा निवला तरी त्याची नजर त्या ओल्या डागावरून हलेना.

“हद्दा, हे पाणी कुठलं?”

“नळाचं. अजून कुठलं?”

“त्याआधी?”

“खालचं. लांब खालचं, म्हणे.”

“आणि आता कुठे गेलं?”

“गेलं खाली. कपड्यांचं पाणी बघून प्रोफेसर मुके होतात का आता?”

“म्हणजे वरून गेलं,” तो म्हणाला.

तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. जेवायला आला नाही. मी कुसकुस केलं होतं, ईदचं मटण होतं, ते तसंच राहिलं. बाहेर आला तेव्हा माझ्या शेजारी चुलीपाशी बसला. त्याचा चेहरा मला आईच्या मरणाच्या दिवशी दिसला होता तसा दिसत होता.

“मी वर शून्य लिहिलं होतं, हद्दा.”

“मग आता पुसून दुसरं लिही.”

“लिहिलं. उजवी बाजू उलटली. आपल्या थरातून उपसा कमी आणि त्या खोल थरातलं, वरून येणारं जास्त. चिन्ह उलटलं की माझी सिद्धता जशीच्या तशी उलट चालते. एक ओळ बदलावी लागत नाही. पाणी चढतच राहणार. मध्ये कुठे थांबणार नाही, मागे फिरणार नाही.”

“कुठे चूक असेल.”

“मी आयुष्यभर तिच्यात चूक राहू दिली नाही. तेच वाईट झालंय.” मग म्हणाला, “जो घूत सगळ्यांत खोल, तो आधी.”

सगळ्यांत खोल घूत कुणाचा, हे त्याला आणि मला एकमेकांना सांगायची गरज नव्हती. त्याच्याच शब्दावर बाबांनी एकेक झाड हातहातभर खाली, येणाऱ्या पाण्याच्या तोंडात नेऊन बसवलं होतं. आता मुळं बुडणार होती. खजुराला पाय पाण्यात हवेत, पण गुडघे नकोत, असं आमचे लोक म्हणतात. मुळं कुजली की झाड वरून हिरवंच दिसतं आणि आतून सुटतं.

दुसऱ्या सकाळी तो बाबांशी बोलला. मी दाराआड होते.

“बाबा, झाडं खाली बसवणं बंद करा. उलट घुतात वाळू भरायला हवी. तळ उचलायला हवा.”

घुतात वाळू टाकायची, म्हणजे आमच्यात शत्रूही शत्रूला देत नाही असा शाप.

“माझ्या बापाने काढली, मी काढली, तू काढलीस. ती परत टाकू?”

“हो.”

“तुझी सिद्धता खोटी होती?”

“नाही. सिद्धता खरी आहे.”

“मग?”

“गृहीतक खोटं झालं, बाबा. जे धरून चाललो ते.”

“म्हणजे तू घर पक्कं बांधलंस आणि ते दुसऱ्याच्या जमिनीवर निघालं.”

“हो.”

“आता तू म्हणतोस ते तरी कशावरून? तेव्हाही तू नक्कीच म्हणाला होतास.” बाबा उठले, टोपली पाठीवर घेतली. “मी त्या पहिल्या शब्दावर म्हातारा झालो, तिजानी. दुसऱ्यावर परत तरुण नाही होता येत.” आणि ते वाळू काढायला निघून गेले.

तिजानी पाण्याच्या कचेरीत गेला. तिथला साहेब त्याचाच विद्यार्थी निघाला. धावत पुढे आला, खुर्ची दिली, बदामाचं सरबत मागवलं. तिजानीने सगळं सांगितलं: गावाखाली गटारं टाका, नाहीतर तोट्या आवळा, पाणी वर येतंय. साहेब आदराने ऐकत होता, मग कपाटातून एक जाड अहवाल काढून त्याच्यापुढे ठेवला.

“सर, आमची सगळी योजना तुमच्याच प्रमेयावर आहे. पातळी उतरणार, म्हणून तर खोलातलं पाणी आणलं. तुमचं शून्य, सर. लिहिलं नाही म्हणून तुम्ही माझे गुण कापले होते.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याने राजधानीत नवा निबंध दिला, मंत्र्यांना अर्ज केले. उत्तरं आली, ती सगळी सभ्य होती. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नोकरीवरून लवकर निवृत्ती घेऊन तो घरी राहायला आला. रोज घुतात उतरायचा, पाणी कुठवर आलं ते बघायचा, आणि आपल्या हिशेबाशी ताडायचा. हिशेब चुकावा म्हणून तो देवाची प्रार्थना करायचा, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. असा गणिती दुसरा कुठे असेल मला माहीत नाही.

हिशेब चुकला नाही. तळाची वाळू काळी पडली, मग तिच्यात पाऊल रुतायला लागलं, मग सकाळच्या उन्हात तिथे काहीतरी चकाकायला लागलं. डास आले. बेडकांचं आता कुणाला नवल राहिलं नाही. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून वरून पडलेली वाळू काढायचे, ओली, दुप्पट जड वाळू. तिजानी काठावरून टोपलीभर कोरडी वाळू घेऊन उतरायचा आणि एका कडेला टाकायचा. बाबा तीच उचलून बाहेर काढायचे. बाप आणि लेक एका घुतात, एक भरतोय आणि एक उपसतोय. लखदर काकांनी एवढी मजा बघूनही एक टोमणा मारला नाही, त्यावरूनच मला कळलं की आता काही उरलं नाही.

आजोबांनी लावलेलं झाड, ज्याला आम्ही ‘आजी’ म्हणायचो, ते भर दुपारी पडलं. वारा नव्हता. शेंड्यावर हिरवे घड होते. ते हळूच झुकलं आणि पाण्यात आडवं झालं. आवाजही मोठा झाला नाही. बाबांनी त्याच्या बुंध्यावर हात ठेवला आणि वर आले. टोपली खालीच राहिली. त्यानंतर ते घुताकडे गेले नाहीत.

तो हिवाळा त्यांनी अंथरुणावर काढला. तिजानी पायाशी बसून असायचा. एकदा बाबा म्हणाले, “प्रश्न मीच विचारला होता. तू उत्तर दिलंस. ते ओझं तू एकट्याने वाहू नकोस.” तिजानी रडला. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. मग बाबांनी शेवटची इच्छा सांगितली: मला तुझ्या आईशेजारी ठेव. आई जुन्या कबरस्तानात होती, टेकड्यांच्या मधल्या सखल जागी. तिजानीने मान हलवली, पण त्याची बोटं चादरीवर काहीतरी लिहीत होती. त्या जागेचाही हिशेब त्याच्याकडे होता.

बाबा गेले, शुक्रवारी सकाळी. अंगणात पडदा धरून त्यांना शेवटची आंघोळ घातली. ते पाणी वाळूत मुरताना तिजानीने तोंड फिरवलं. मग तो वडीलधाऱ्यांकडे गेला आणि म्हणाला, “उंचावरच्या नव्या जागेत नेऊ या. खाली पाणी आहे.”

“कबरस्तानात पाणी?” एकजण म्हणाला. “कालपर्यंत तू पाणी खाली जातं म्हणत होतास. आज बापाला त्याच्या बायकोजवळही जाऊ देत नाहीस?”

बापाची इच्छा एका बाजूला आणि स्वतःची सिद्धता दुसऱ्या बाजूला. त्याने बापाची इच्छा धरली. आम्हा बायकांना कबरस्तानात जायचं नसतं. मी दारात उभी राहून बाबांची खाट जाताना पाहिली आणि घर आवरत बसले.

ते परतले ते फार उशिरा. पुरुष ओट्यावर बसले. मी लखदर काकांना कॉफीचा पेला दिला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “कोपरभर खणलं आणि पाणी लागलं, पोरी. उपसलं की परत भरत होतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “मग तिजानीने टोपली मागितली. कोरडी वाळू आणली, भरली, पुन्हा आणली, पुन्हा भरली. आम्हा कुणाला हात लावू दिला नाही. आमाराला तिच्यावर ठेवलं. वाळू आधीच ओली होत होती.”

तिजानी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याची पँट मांड्यांपर्यंत भिजलेली, आणि तिच्यावर ती काळी वाळू. मी त्याचे कपडे उतरवून घेतले, तोटी सोडली आणि अंगणात बसून धुवायला घेतले. वाळू निघता निघेना. पाणी काळं झालं, दुसरं घेतलं, तेही काळं झालं.

धुऊन झालं तेव्हा मी घमेलं उचललं, फेकायला हात मागे नेला, आणि तशीच थांबले. माझ्या पायाखालून ते कुठे जाणार होतं ते मला माहीत होतं. मी अंगणात इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आत तिजानीने मान वळवली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. घमेलं जड होतं, हात भरून आले होते, आणि सूफमध्ये एवढं पाणी ओतायला मला जागा सापडत नव्हती.